टॉप फ्लोअरचा जुना फ्लॅट घेतलाय, दुरुस्तीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

प्रश्न

पाडव्याला कोथरूडमध्ये रीसेलचा टू बीएचके घेतला. इमारत 1998 ची, आमचा चौथा म्हणजे शेवटचा मजला. डाऊन पेमेंट आणि स्टॅम्प ड्युटीत बचत संपत आली, हातात दीड लाख उरलेत. नवरा म्हणतो, रंग आणि किचन ट्रॉल्या आत्ताच करून घेऊ. पण बेडरूमच्या छताला कोपऱ्यात पिवळट डाग आहे, बोट फिरवलं की पूड पडते. आईबाबा आयुष्यभर भाड्याच्या घरात राहिले, त्यामुळे घरात विचारायला कोणी नाही. आधी काय करू?

उत्तर

ताई, रंग दिवाळीनंतर. ट्रॉल्याही थांबू देत.

नऊ वर्षं आमच्या सोसायटीचा खजिनदार होतो, आणि नवीन आलेली बहुतेक माणसं पहिला खर्च रंगावरच करतात. मीही केला होता. जुलैत त्याच रंगाला फुगे आले आणि ऑगस्टमध्ये पापुद्रे गादीवर पडायला लागले. सगळं पुन्हा खरवडावं लागलं.

आज एक करा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पाऊस नसताना डाग रेघेबाहेर गेला तर पाणी गच्चीवरच्या टाकीचं किंवा पाइपचं आहे. कोरडा राहिला तर बहुधा पावसाचं, म्हणजे गच्चीचा कोबा, पाणी अडवणारा वरचा थर, उकलला असणार. दोन्ही कामं सोसायटीची. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. दोन फ्लॅटमधल्या बाथरूमची गळती मात्र संबंधित सभासदांनी. तोंडी सांगू नका, फोटो जोडून पत्र द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. वॉटरप्रूफिंग मे संपायच्या आत झालं पाहिजे, पावसात कोणी कोब्याला हात लावत नाही.

मग सोसायटीचा ताळेबंद मागा. सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीत, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के जमायला हवेत, दुरुस्ती निधीत 0.75 टक्के. हा खर्च जमीन वगळून धरतात, तुमच्या खरेदीच्या किमतीवर नव्हे. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर पाच वर्षांनी व्हायला हवं, तो अहवालही बघा. निधी रिकामा आणि लिफ्ट जुनी असेल, तर मोठी वर्गणी तुमच्याही दारात येईल.

दरमहा किती? माझं मेंटेनन्सचं बिल 3,200, तेवढीच आरडी मी फक्त घरासाठी चालवतो. तुमच्या दीड लाखातला एक लाख हलवू नका.

उत्तर

मिळकतकराचं बिल बघितलंस का? पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. बिलात दिसत नसेल तर त्यासाठीचा महापालिकेचा पीटी-3 फॉर्म भर. मी दोन वर्षं बिल न वाचताच भरलं, त्याचं अजून वाईट वाटतं.

उत्तर

त्या काळातल्या इमारतींत बऱ्याचदा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप असतात. सकाळी पहिला नळ सोडून पांढऱ्या बादलीत पाणी धरा. तांबूस आलं तर पाइप आतून गंजलेत. टाइल्स बसवायच्या आधी सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे, पाइप टाकून घ्या, नाहीतर नवीन टाइल्स फोडाव्या लागतील.

मूळ प्रश्नकर्ती

काका, आत्ता गच्चीवर जाऊन आले. टाकीच्या बुडाशी, बरोबर आमच्या बेडरूमच्या वर, हिरवं शेवाळ आहे. एप्रिलमध्ये! नवऱ्यालाही नेऊन दाखवलं, ट्रॉलीवाल्याला त्यानेच फोन करून थांबवलं. रेघ मारलीय, तारीख लिहिलीय. पत्र उद्या सकाळी सेक्रेटरींच्या हातात देते.