कुतुबमिनार खरोखर अर्ध्या तासात पाहून होतो का?

वाटसरू : दिल्ली सहलीच्या धाग्यात एका सदस्याने सल्ला दिला आहे : "कुतुबमिनारवर चढता येत नाही आणि खाली नुसते पडके खांब आहेत, त्यामुळे फोटो काढून अर्ध्या तासात निघावे." हे वाचून मला राहवले नाही. मिनाराच्या पहिल्या मजल्यावरच्या पन्हळी, म्हणजे बाहेरच्या अंगावरचे उभे कंगोरे, आळीपाळीने गोल आणि कोनी आहेत, दुसऱ्यावर सगळ्या गोल, तर तिसऱ्यावर सगळ्या कोनी. एवढे पाहायलाच मान वर करून दहा मिनिटे उभे राहावे लागते. वीज पडून वरचा भाग ढासळला तेव्हा 1368 मध्ये फिरोजशाह तुघलकाने तिथे दोन मजले चढवले, आणि त्यांतला पांढरा संगमरवर खालूनही वेगळा दिसतो. शेजारच्या मशिदीच्या पडदाभिंतीतल्या कमानी तर खऱ्या कमानीच नाहीत. देवळे बांधणाऱ्या हातांनी दगडाचे थर एकेक पुढे सरकवत त्यांना कमानीचा आकार दिला. पाचरीसारख्या दगडांची खरी कमान पाहायची असेल तर याच आवारातल्या 1311 च्या अलाई दरवाजाशी जावे लागते. दोन्हींमध्ये शंभरेक पावलांचे अंतर असेल, आणि तेवढ्यात एका विद्येचा शतकभराचा प्रवास दिसतो.

सोलापूरकर : आपण अभ्यासक आहात, आम्ही मे महिन्यात वृद्ध वडील आणि दोन मुले घेऊन गेलो होतो. सावली नव्हती, आणि गाईडने पैसे घेऊन जे सांगितले ते पंधरा मिनिटांत संपले. शिवाय ते "पडके खांब" सत्तावीस देवळांचे आहेत, हे तिथल्या शिलालेखातच लिहिलेले आहे. आपण पन्हळींवर एवढे लिहिले आणि त्याविषयी एक ओळही लिहिली नाही, याचे मला वाईट वाटले.

वाटसरू : ती ओळ राहायला नको होती, हे मान्य करतो. पण म्हणूनच ते खांब जवळून पाहिले पाहिजेत. साखळीला टांगलेली घंटा आजही इतकी ठसठशीत कोरलेली दिसते की बोट फिरवावेसे वाटते, आणि वर जिथे मूर्ती होत्या तिथे छिन्नीचे घाव आहेत. अर्ध्या तासात निघणाऱ्याला यांतले काहीच दिसत नाही.

दगडफूल : मूळ प्रश्न जिना बंद असण्याचा आहे. 1979 साली वडिलांचे बोट धरून मी पहिल्या सज्जापर्यंत चढलो होतो. अंधारात भिंतीचा गार दगड हाताला लागत होता आणि एकदम उजेडात आल्यावर खालची माणसे मुंग्यांएवढी दिसली. माझ्या नातवाला हे का मिळू नये? पिसाच्या मनोऱ्यावर ठरावीक वेळी मोजकी माणसे सोडतात, मग इथे चाळीस वर्षांहून अधिक काळ कुलूप घालून बसणे हा शुद्ध आळस आहे.

शाळाबाई : आळस? 4 डिसेंबर 1981 रोजी त्याच जिन्यात दिवे गेले, चेंगराचेंगरी झाली आणि 45 जण गेले. त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. मी बेचाळीस मुले घेऊन एका किल्ल्याच्या अरुंद जिन्यात अडकले आहे. पुढच्या मुलीचा पाय घसरला, मागची मुले ढकलत राहिली आणि मला कोणाचाच हात सापडेना. सुदैवाने फक्त एकीचा दात पडला. त्या रात्री मी झोपले नाही. ज्याने मुलांची हजेरी घेतलेली नाही, त्याने कुलपाला आळस म्हणू नये.

दगडफूल : ती मुले मलाही आठवतात, त्यांच्या नावाने मला निर्दय ठरवू नका! मी गर्दी सोडा असे म्हटलेले नाही. एका वेळी दहा माणसे, दिवे गेले तरी चालणारी दुसरी सोय, वर आणि खाली पहारेकरी, एवढेच मागतो आहे.

शाळाबाई : दहाची वीस व्हायला एक लग्नसराई पुरते. चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यातून जाणार, हे कोणत्याही दिव्याने बदलत नाही.

दगडफूल : शाळांच्या सहलींना कधीच सोडू नये, एवढे मी मान्य करतो. त्यापुढे नाही.

वाटसरू : 379 पायऱ्यांवर एवढे लिहिले गेले, पण अंगणातल्या लोहस्तंभाचे नावही कोणी काढले नाही. लोखंडात स्फुरद जास्त असल्याने त्यावर जो पातळ थर धरला, त्यामुळे तो सोळा शतके उघड्यावर टिकला आहे. त्याला पाठ लावून मागे हात जुळवण्याची हौस 1997 मध्ये कठडा बसल्यावर संपली, तरी त्यावरचा ब्राह्मी लेख कठड्याबाहेरूनही दिसतो.

सोलापूरकर : कठड्याबाहेरून मुलांचे फोटो काढले, लेख मात्र पाहिला नाही, हे खरे आहे. डिसेंबरात मुलीच्या परीक्षेसाठी पुन्हा दिल्लीला जायचे आहे. सकाळी उघडताच जाईन आणि दोन तास देईन. वडिलांना बसायला सावली कुठल्या बाजूला मिळते, तेवढे मात्र सांगा.

वाटसरू : मशिदीच्या पूर्वेकडच्या ओवरीत बसवा. घंटेचे खांब तिथेच समोर आहेत.