लहान वयातील प्रसिद्धी : गायकांच्या आठवणींत दोष कोणाकडे जातो?

प्रश्न :
जस्टिन बीबरने २०१९ साली इन्स्टाग्रामवर लिहिलेले मनोगत आणि ब्रिटनी स्पिअर्सचे २०२३ मधील आत्मचरित्र मी लागोपाठ वाचले. विशीत पोहोचेपर्यंत आपण चुकीचेच निर्णय घेत गेलो, अशी बीबरची कबुली आहे. ब्रिटनीची तक्रार मात्र निर्णय घेण्याचा अधिकारच उरला नाही अशी आहे. कोवळ्या वयातील प्रसिद्धीने माणूस बिघडतो असे आपण सरसकट म्हणतो, परंतु या गायकांच्या दृष्टीने दोष नेमका कोणाचा : प्रसिद्धीचा, की तिचा कारभार पाहणाऱ्यांचा?

प्रतिसाद १ :
माझ्या मते कारभार पाहणाऱ्यांचा. २००८ ते २०२१ या काळात ब्रिटनी न्यायालयाने नेमलेल्या पालकत्वाखाली होती, म्हणजे सज्ञान असूनही तिच्या पैशांचे व आयुष्याचे निर्णय इतरांच्या हाती होते, आणि तिच्या पैशांचा ताबा बहुतेक काळ वडिलांकडे होता. याच वर्षांत तिने अल्बम काढले, २०१३ ते २०१७ दरम्यान लास वेगासमध्ये सातत्याने कार्यक्रम केले; म्हणजे स्वतःचा पैसा सांभाळण्यास असमर्थ ठरलेली व्यक्ती तो कमावण्यास मात्र पूर्ण समर्थ होती! कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणासाठी १९३९ पासून कायदा आहे. जॅकी कूगन या बालनटाची मिळकत घरच्यांनीच उडवल्यावर तो झाला, आणि २००० सालच्या सुधारणेनंतर कमाईतील किमान १५ टक्के रक्कम मुलाच्या नावे राखून ठेवावी लागते. पण हे संरक्षण मूल सज्ञान होईपर्यंतचे आहे, आणि ब्रिटनीवर पालकत्व लादले गेले तेव्हा ती २६ वर्षांची होती.

प्रतिसाद २ :
पैशांचा मुद्दा मान्य आहे, तरी प्रसिद्धीला इतक्या सहज निर्दोष सोडता येणार नाही. वेल्सची गायिका शार्लट चर्च हिचा पहिला अल्बम १९९८ मध्ये, ती बारा वर्षांची असताना आला. वृत्तपत्रांनी आपल्या आणि कुटुंबाच्या खासगी आयुष्यात किती घुसखोरी केली, हे तिने २०११ मध्ये ब्रिटनमधील वृत्तपत्रांच्या वर्तनाची तपासणी करणाऱ्या लेव्हसन चौकशीसमोर सांगितले. व्यवस्थापक कितीही सचोटीचा असला, तरी तो हे कसे रोखणार? उलट बाजूला पाकिस्तानी पॉप गायिका नाझिया हसन आठवते. १९८० मध्ये, पंधराव्या वर्षी, ‘कुर्बानी’तील गाण्याने ती घराघरांत पोहोचली, पुढे तिने लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले, संयुक्त राष्ट्रसंघात काम केले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गाण्यातून बाजूला झाली. गाण्याशिवायही करण्यासारखे काही हाती असणे, हा फरक मला निर्णायक वाटतो. दुर्दैवाने २००० साली वयाच्या ३५व्या वर्षी कर्करोगाने तिचे निधन झाले, आणि उतारवयात मागे वळून बोलण्याची संधी तिला मिळालीच नाही.

प्रतिसाद ३ :
या चर्चेत एक अडचण राहते. ज्यांचे नाव अजून विकले जाते, त्यांचीच आत्मचरित्रे छापली जातात. एका गाण्यानंतर विसरले गेलेले, किंवा समाधानाने दुसऱ्या व्यवसायात रमलेले गायक सहसा लिहीत नाहीत, आणि त्यांना कोणी विचारतही नाही. शिवाय आठवणींचे पुस्तक हाही त्याच बाजारातील माल असतो. त्यामुळे ब्रिटनीच्या कथनातील न्यायालयीन तपशील मी पुरावा म्हणून स्वीकारेन, पण त्यावरून सर्वच बालगायकांविषयी निष्कर्ष काढणार नाही.