बोन मॅरोच्या वेळी पावसाचे, पक्ष्यांचे आवाज लावून दुखणं कमी होतं का?

आईची पुढच्या आठवड्यात परत बोन मॅरो आहे, म्हणजे हाडात सुई घालून आतला मगज काढतात ती तपासणी. मागच्या वेळी भूल दिली होती तरी शेवटी अशी काही कळ गेली की ती अजून विसरलेली नाहीये, तारीख ठरल्यापासून रात्रीची झोपच गेलीये तिची. निसर्गाचे आवाज, व्हिडिओ याने फरक पडतो म्हणतात. कुणी करून बघितलंय का? टॅब घ्यावा का नुसता हेडफोन? काहीही सुचवा प्लीज.

प्रतिसाद
ताई, माझ्या बाबांची दोनदा झालीये. ती कळ सुईची नसते, मॅरो ओढतात तेव्हाची असते, कारण भूल कातडी आणि हाडाच्या वरच्या आवरणापर्यंतच पोचते, हाडाच्या आत नाही. काही सेकंदच, पण जीव नको होतो. आणि कुशीवर नाहीतर पालथं झोपवतात, त्यामुळे टॅब बघायला जमलंच नाही. आम्ही दुसऱ्या वेळी फक्त हेडफोन लावला, ओढ्याचा आवाज, आणि तोही आत गेल्यावर नाही, बाहेर बसल्यापासूनच. दुखलं, पण पहिल्यासारखे हातपाय ताठ झाले नाहीत. एक कान मोकळा ठेवा हं, डॉक्टर हलू नका वगैरे सांगतात ते ऐकू यायला पाहिजे.

प्रतिसाद
यावर अभ्यास झालेत. १९८४ मध्ये रॉजर अल्रिच या संशोधकाने दाखवलं की पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणाऱ्या पेशंटना, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा कडक वेदनाशामकं कमी लागली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनळीत दुर्बीण घालून तपासतात ती) ८० जणांवर बघितलं, निम्म्यांच्या पलंगाशी निसर्गाचं मोठं चित्र आणि कानात तसेच आवाज. त्यांचं दुखणं जास्त आटोक्यात राहिलं, भीती मात्र दोन्हीकडे सारखीच. त्यामुळे आईच्या धास्तीसाठी वेगळं बोला डॉक्टरांशी, जास्त भूल किंवा गुंगीचं औषध देता येईल का ते स्पष्ट विचारा. आवाज त्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही.

प्रतिसाद
मी नर्स आहे. आवाज डाउनलोड करून ठेवा आणि फोन फ्लाइट मोडवर टाका, ऐन वेळी रिंग वाजली की पेशंट दचकतो आणि सुई आत असते. आवाज आईंनाच निवडू दे, सगळ्यांना समुद्र आवडतोच असं नाही. घरी रोज डोळे मिटून ऐकायची सवय लावा.

धागाकर्ती
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आईला चारपाच आवाज ऐकवले, समुद्र लगेच बंद करायला लावला, पानांवरच्या पावसाचा मात्र दोनदा लावून घेतला. गुंगीच्या औषधाचं उद्याच विचारते, ते मला सुचलंच नव्हतं.