मदत हवी आहे : जवळचं महाग घर की लांबचं स्वस्त? हिशेब कसा मांडायचा?

रेघोटी :
मोठ्या शहरात भाड्याची दोन घरं शेवटच्या यादीत उरली आहेत. तुलना सोपी व्हावी म्हणून पहिल्याचं मासिक भाडं 100 धरते, बाकी आकडे त्या प्रमाणात.

अ : ऑफिसजवळ. भाडं 100, मेंटेनन्स त्यातच. डिपॉझिट 300. वार्षिक वाढ 5 टक्के.
ब : लांब. भाडं 76, मेंटेनन्स 8 वेगळा. डिपॉझिट 600. वार्षिक वाढ 10 टक्के.

दलाली दोन्हीकडे एका महिन्याचं भाडं. ब घेतलं तर ऑफिसला जाताना 40 मिनिटं जास्त, येताना तेवढीच, आणि माणशी महिन्याला 10 जादा प्रवासखर्च. मुक्काम एक ते तीन वर्षं. ‘भाडं पगाराच्या 30 टक्क्यांच्या आत’ हा नियम कितपत पाळायचा?

जमाखर्च :
पूर्ण मुक्कामाचा सगळा खर्च जोडा आणि महिन्यांनी भागा. डिपॉझिट परत मिळतं, पण तोवर त्याचं व्याज बुडतं. ते वर्षाला 6 टक्के धरलंय. सामान हलवायला दोन्हीकडे 40.

एक वर्ष, अ : भाडं 1200, व्याज 18, दलाली 100, सामान 40. एकूण 1358, म्हणजे महिन्याला 113.2.
एक वर्ष, ब : 912, मेंटेनन्स 96, व्याज 36, दलाली 76, सामान 40. एकूण 1160, महिन्याला 96.7.

जाहिरातीतला 24 चा फरक इथेच साडेसोळावर आला. एकाचा प्रवास धरला की उरले साडेसहा. महिन्याला 22 दिवस धरले तर त्या साडेसहासाठी 29 तास गाडीत.

तीन वर्षांचा हिशेब केला तर अ 110.5 आणि ब 98.1, प्रवास सोडून. मुक्काम लांबला की दलाली पातळ होते, पण ब ची 10 टक्क्यांची वाढ ती बचत खाऊन टाकते. तिसऱ्या वर्षी ब चं भाडं 92 होतं, वर मेंटेनन्स आहेच. लोक पहिल्या वर्षाच्या भाड्यावर घासाघीस करतात आणि वाढीचा टक्का न वाचता सही करतात. ऑफिसला जाणारे किती जण?

पायवाट :
30 टक्क्यांचा आकडा अमेरिकेतल्या सरकारी घरांमधून आलाय. 1969 च्या कायद्यातल्या दुरुस्तीने तिथल्या भाडेकरूंसाठी उत्पन्नाच्या 25 टक्क्यांची मर्यादा घातली, 1981 मध्ये ती 30 झाली. सगळ्यांच्या पगारासाठी तो कुणी बेतलेला नव्हता. शिवाय त्यात प्रवास नाही, त्यामुळे लांबचं घर उगाचच चांगलं दिसतं. घर आणि प्रवास मिळून 45 टक्क्यांच्या आत, ही तिकडचीच दुसरी मोजपट्टी तुमच्या प्रश्नाला जास्त लागू पडते.

टेपपट्टी :
दोन्ही घरं आतून मोजलीत का? जाहिरातीतल्या क्षेत्रफळात बरेचदा भिंती, बाल्कनी, कधी जिना-लॉबीचा वाटासुद्धा असतो. प्रत्येक खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजा, बेरजेने भाड्याला भागा.

आणि वीज. सबमीटर (मालकाच्या मुख्य मीटरपुढे तुमच्या घरासाठी लावलेला वेगळा मीटर) असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या. वापर वाढला की दर चढतो अशा ठिकाणी दोन-तीन घरांचा वापर एकाच मुख्य मीटरवर मोजला जातो, सगळे वरच्या टप्प्यात जातात आणि तोच दर तुमच्या माथी येतो. घर पाहायला गेलात की आतले सगळे दिवे-पंखे बंद करून मीटर बघा. तरी चालत असेल तर त्यावर दुसऱ्या कुणाची जोडणी असू शकते. गच्चीखालचं घर असेल तर ऐन उन्हाळ्यातली जुनी बिलं मागा.

रेघोटी :
सगळ्यांचे आभार. जाणारे दोघं, दोघांचीही ऑफिसं अ जवळ. दोन्ही घरं मोजली आहेत, आतून जवळपास सारखीच.

जमाखर्च :
मग ब मध्ये प्रवासाचे 20 मिळवा. एका वर्षाला 116.7 विरुद्ध 113.2, तीन वर्षांना 118.1 विरुद्ध 110.5. अ च स्वस्त. मुक्काम जितका लांबेल, तितका फरक जास्त.

आता अ वर घासाघीस करा. महिनाभर रिकामं राहिलं तर मालकाचं वर्षाच्या भाड्यातलं 8.3 टक्के जातं. तुम्ही 5 टक्के सूट मागितलीत तर त्याला वर्षाला 60 पडतात, म्हणजे घर 18 दिवस रिकामं राहण्याइतके. बरेच दिवस गिऱ्हाईक नसेल तर हे गणित त्याला लगेच पटतं. सूट भाड्यातच मागा. डिपॉझिट 300 वरून 200 झालं तर तुमचा महिन्याला जेमतेम अर्धा वाचतो. कर्ज काढून भरणार असाल तर मात्र तेही मागा.

पायवाट :
करारात तीन गोष्टी बघा. लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडायचं नाही असं ठरतं ती) आणि नोटीस वेगवेगळ्या असतात : लॉक-इनच्या आत निघालात तर नोटीस देऊनही उरलेल्या महिन्यांचं भाडं मागितलं जाऊ शकतं. डिपॉझिट चावी दिल्यावर किती दिवसांत परत, ते आकड्यात लिहा. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलेलं काही कामाचं नाही. भांडण मुख्यतः रंगावर होतं, म्हणून रोजच्या वापराने होणारी झीज कापायची नाही हे वाक्य घाला आणि सामान यायच्या आधी भिंती, नळ, फरशी यांचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा.