'साँगबर्ड्स अँड स्नेक्स': स्नो शेवटी एकदम कसा फिरतो? (शेवट फोडलाय, सिनेमा पाहिला नसेल तर वाचू नका)

रीळ_बाराखडी:
'द हंगर गेम्स: द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (२०२३) १५७ मिनिटांचा आहे. त्यातला बहुतेक वेळ कोरिओलेनस स्नो, म्हणजे मूळ मालिकेतला हुकूमशहा, हा घरची गरिबी लपवणारा, हुशार, प्रेमात पडलेला पोरगा. ल्युसी ग्रे ही त्याची प्रेयसी, मुलांना एकमेकांशी मरेपर्यंत लढवणाऱ्या खेळांतली त्याच्यावर सोपवलेली स्पर्धक. मग तळ्याकाठच्या झोपडीत बघता बघता तो तिच्याच मागे बंदूक घेऊन धावतो. हे आधी कुठे पेरलंय का, की पुस्तकातलं काही गळलं? एका हुकूमशहाच्या तरुणपणावर एकांकिका लिहायला घेतली आहे, म्हणून विचारतो.

तिसरी_घंटा:
पेरलंय, फक्त प्रत्येक वेळी त्याच्याकडे पटण्यासारखं कारण असतं म्हणून आपण सोडून देतो. आईच्या पावडरच्या डबीत उंदराचं विष भरून देतो, ते ल्युसीला वाचवायला. सापांच्या टाकीत तिचा वास लागलेला रुमाल टाकतो, तेही तिच्यासाठीच. बॉबिन या स्पर्धकाला मारतो तो स्वतःचा जीव वाचवायला. महापौरांची मुलगी मेफेअर हिच्यावर गोळी झाडतो, कारण ती सगळ्यांना फासावर चढवणार असते.

खरा सांधा बदलतो तो त्याचा मित्र सेजेनस याच्यापाशी. ऐकलेलं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवणाऱ्या जॅबरजे पक्ष्याकरवी मित्राचं बोलणं टिपून तो ते खेळांच्या प्रमुख डॉ. गॉलकडे पाठवतो. इथे त्याच्यावर कोणी हात उगारलेला नसतो. म्हणून झोपडीतला प्रसंग हा बदल नाहीच, तो नुसता हिशेब आहे. लपवलेल्या बंदुका तिथे सापडतात, मेफेअरला मारलेली बंदूक त्यातच असते आणि त्या खुनाबद्दल तोंड उघडू शकेल अशी एकच व्यक्ती उरते, ल्युसी.

पानकिडा:
वरचं बरोबर, पण गळलंय हेही खरं. कादंबरी (२०२०) तृतीयपुरुषी असली तरी अख्खी स्नोच्या डोक्यात बसून लिहिली आहे. ल्युसी 'आपली' आहे हा मालकीहक्क, सेजेनसबद्दलची चीड, प्रत्येक उपकाराची किंमत लावणं, हे वाचकाला सुरुवातीपासून ऐकू येतं. सिनेमात निवेदन नाही. स्नो झालेल्या टॉम ब्लाइथच्या चेहऱ्यावर जेवढं दिसेल तेवढंच, आणि चेहरा देखणा असल्यामुळे प्रेक्षक त्याला फार काळ सवलत देतो.

एकांकिकेत स्वगत घालून ही भरपाई करू नका. खलनायक स्वतःच स्वतःची फोड करून सांगायला लागला की भीती संपते. त्यापेक्षा घटना प्रेक्षकांसमोर घडू द्या आणि पुढच्याच प्रवेशात त्याच्या तोंडून तिची बदललेली आवृत्ती येऊ द्या. सिनेमातला सर्वांत चांगला क्षण असाच आहे. पळून जाताना स्नोच्या तोंडून निसटतं की त्याने तीन जीव घेतलेत. तिला दोनच ठाऊक असतात. तिसरा कोण म्हणून विचारल्यावर तो सांगतो, माझाच जुना मी. आपल्याला सेजेनस माहीत असतो, तिला तिथे अंदाज येतो, आणि वेगळी समजूत द्यावी लागत नाही.

तिसरी_घंटा:
+१. आणि तीन खून एकांकिकेच्या वेळेत बसणार नाहीत. मित्राचा एकच ठेवा, पण मध्याच्या थोडा आधी. शेवटाला नेलात तर परिणाम दाखवायला जागाच राहत नाही. सिनेमाच्या तिसऱ्या भागाचं नेमकं हेच झालंय.

नेपथ्य_आणि_खिळे:
पूर्वकथेत दुसरीच एक चूक जास्त होते, पुढच्या सगळ्या खुणांचा उगम दाखवायचा हट्ट. इथे आजीचे गुलाब, फाशीच्या झाडाचं गाणं, स्नोची नात्यातली बहीण टिग्रिस, मॉकिंगजे पक्षी, इतकंच काय मूळ मालिकेतल्या नायिकेचं नाव असलेला कॅटनिस हा कंदसुद्धा येतो. गुलाब आणि गाणं कथेला उपयोगी पडतात. कंदाचा उल्लेख मात्र चाहत्यांना डोळा मारल्यासारखा वाटतो. तुमच्या हुकूमशहाची एकच खूण निवडा आणि ती वस्तू कथानकात कामाला लावा.

नेपथ्यासाठी हा सिनेमा जरूर बघा. पहिल्या सिनेमातले खेळ ७४वे, इथले १०वे. त्यामुळे यंत्रणा मुद्दाम ओबडधोबड ठेवली आहे: नवं चकाचक मैदान नाही, बॉम्बने फुटलेलं गोल सभागृह. चित्रीकरण पोलंडमधल्या व्रॉत्सवाफच्या १९१३च्या काँक्रीट घुमटाच्या सेंटेनियल हॉलमध्ये झालं. ल्युसीचा बारावा जिल्हा जर्मनीत डुइसबुर्गच्या बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात उभा केला. पाणी पोचवणारे ड्रोनही धड उतरत नाहीत, येऊन आदळतात, आणि स्नो त्याच दोषाचं हत्यार करतो. रंगमंचावर हे स्वस्तात जमतं: एक खरखरणारा भोंगा, मधेच जाणारी वीज, पण त्या बिघाडाचा फायदा घेणारा माणूस तुमचा हुकूमशहाच हवा.

रीळ_बाराखडी:
मित्राचा प्रवेश पुढे ओढतो. भोंगा घेतला. स्वगतं दोन होती, दोन्ही काढतोय.