दारूतून कीटकनाशक पाजल्याचा संशय: प्राथमिक आरोग्य केंद्रात काय करायचं?

ग्रामीण_एमओ: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, कपड्यांना उग्र वास. कुणीतरी दारूतून पाजलं असं नातेवाईक सांगतात. केंद्रात ॲट्रोपिन (या विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन) आहे, व्हेंटिलेटर नाही, जिल्हा रुग्णालय दीड तासावर. १०८ येईपर्यंत ॲट्रोपिन किती द्यावं? पोट धुवावं का? पोलिसांसाठी थांबावं लागतं का?

फिजिशियन_आयसीयू: पोलिसांसाठी अजिबात थांबायचं नाही. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: आधी उपचार, एमएलसीचे (पोलीस-कोर्टाशी संबंधित प्रकरणाचे) कागद मागून.

डाव्या कुशीवर वळवा, तोंड सक्शन करा, ऑक्सिजन लावा. सिलिंडर रिकामा असला तरी ॲट्रोपिन अडवू नका. प्रौढाला १.८ मिग्रॅ, म्हणजे ०.६ चे तीन ॲम्प्यूल, शिरेतून. पाच मिनिटांनी छाती ऐका. फरक नसेल तर दुप्पट: सहा, मग बारा ॲम्प्यूल. नेमका इथेच हात आखडतो आणि रुग्ण स्वतःच्याच स्रावात गुदमरतो. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट पाहू नका. नाडी जलद आहे म्हणूनही थांबू नका, ती विषामुळेही जलद असते. छाती मोकळी, काख कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचा रक्तदाब ८० च्या वर, हे गाठायचं. फक्त एकाच बाजूला खाली आवाज राहिला तर उलटी फुप्फुसात गेलेली असू शकते. तो ॲट्रोपिनने जात नाही.

मग एकूण लागलेल्या मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून. १२.६ मिग्रॅ लागले असतील तर ताशी १.३ ते २.५. ताप, बडबड आणि पोटाचे आवाज बंद, हे तिन्ही दिसले की मात्रा जास्त झाली. ड्रिप थांबवा, लक्षणं उतरल्यावर कमी वेगाने सुरू करा.

पोट धुणं: श्वासमार्गात नळी नसेल तर नको. झटापट करून घातलेल्या रायल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) विष फुप्फुसात जातं. मीठ-पाणी पाजून उलटी तर मुळीच नको.

कॅज्युअल्टी_सिस्टर: हातमोजे घालून सगळे कपडे काढा; केस आणि अंग साबण-पाण्याने धुवा, नाहीतर विष कातडीतून आत जातच राहतं. त्या बाटलीतून आणखी कोण प्यायलं ते लगेच विचारा आणि त्यांनाही बोलावून घ्या. पाजल्याचा संशय असेल तर वॉर्डात बाहेरचा डबा, पाणी, चहा बंद.

न्यायवैद्यक: कपडे कागदी पिशवीत, उलटी स्वच्छ बरणीत. नाव, वेळ, सही, सील, आणि पोलिसांकडून पोच. कोलिनेस्टरेजसाठी (हे विष ज्या एन्झाइमला निकामी करतं त्याच्या तपासणीसाठी) रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घ्या, फ्लोराइडच्या नळीत नको: फ्लोराइड हे एन्झाइमच दाबतं आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. जबाब घेताना रुग्ण शुद्धीवर आहे का, हे डॉक्टरांनी लिहून द्यावं. ॲट्रोपिनच्या भ्रमात दिलेला जबाब कोर्टात टिकणं कठीण, म्हणून प्रत्येक डोसची वेळ आणि त्या वेळची मानसिक अवस्था नोंदवा.

ग्रामीण_एमओ: पाम (प्रॅलिडॉक्झिम, या विषावरचं दुसरं उताऱ्याचं औषध) आहे आमच्याकडे. सुरू करू?

फिजिशियन_आयसीयू: ॲट्रोपिनने छाती सुधारल्यावरच. ३० मिग्रॅ प्रतिकिलो, अर्ध्या तासात. भरभर दिलं तर उलट्या होतात, रक्तदाब चढतो. फायद्याबद्दल अभ्यासांत एकमत नाही, त्यामुळे त्यासाठी रेफरल लांबवू नका. श्वासमार्गात नळी घालायची वेळ आली तर सक्सिनिलकोलिन (त्यासाठी स्नायू सैल करणारं इंजेक्शन) टाळा, स्नायू तासन्‌तास सैल राहतात. रेफर चिठ्ठीवर ॲट्रोपिनची एकूण मात्रा लिहाच. पुढचे चार दिवस रुग्णाला उशीवरून मान उचलायला लावत राहावं. मान उचलेना झाली की श्वासाचे स्नायूही थकायला लागलेत, व्हेंटिलेटर तयार हवा.