शिडीने मारलं तर डॅमेज किती धरायचं? मदत हवी आहे

डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम), पाचवी एडिशन, २०१४ चे रूल्स. मी डीएम आहे (म्हणजे खेळ चालवायचं काम माझं) आणि आमच्या बार्बेरियनने (रानटी योद्ध्याचं पात्र) कुऱ्हाड कायमची म्यान केलीय, आता तो फक्त हाताला येईल त्याने मारतो, तवा, टेबलाचा पाय, एकदा तर मेलेला गॉब्लिन (हे तिन्ही पुस्तकातच उदाहरण म्हणून दिलेत त्यामुळे बोलायची सोय नाही). आतापर्यंत १डी४ (चार बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढं) डॅमेज, फेकलं तर २०/६० फूट रेंज, आणि टेबलाचा पाय क्लबसारखा (सोट्यासारखा) म्हणून क्लबच धरला, टॅव्हर्न ब्रॉलर फीट (पात्राला घेता येणारं खास कौशल्य) त्याने घेतलंय त्यामुळे प्रोफिशियन्सीचा (अशा वस्तू सराईतपणे वापरता येतात का, याचा) वाद नाही. गाडी अडलीय ती १० फुटी शिडीवर. त्याचं म्हणणं लांब आहे म्हणजे १० फूट रीच (किती लांबून फटका पोचतो ते) मिळायलाच हवी, शिवाय जड आहे म्हणून १डी१०. नुसतं १डी४ देऊन बघितलं तर गडी रुसला, १डी८ दिलं तर फायटर (तलवारबाज पात्र खेळणारा) म्हणतो मग मी तलवार कशाला घासत बसू! शिडी बंद करायची नाहीये, सगळे हसून लोळतात, फक्त बाकीच्यांची शस्त्रं फुकट जायला नकोत. तर १डी४ च ठेवून रीच तेवढी द्यावी का, आणि किती फटक्यांत मोडते असं धरता तुम्ही?